मोठ्या आवाजाची गाडी

मागच्या सीटवरून ठकी म्हणाली, "बाबा, हा आरसा हलतोय का हो?" आणि ते त्याला ऐकू आलं. मान वळवावी लागली नाही, तिच्या ओठांकडे बघावं लागलं नाही. तो पुढच्या काचेतून रस्त्याकडे पाहत होता आणि शब्द पाठीमागून आले, एकेक सुटा, स्वच्छ. "हलतोय खरा," असं तो बोलूनही गेला. पाठीमागून आलेल्या प्रश्नाला उत्तर देऊन त्याला सहा वर्षं झाली होती. गाडी चालवत होता तो फोटोग्राफर. गाडी त्याचीच, विकायला काढलेली. तो ओरडून म्हणाला, "स्क्रू ढिला झालाय! पिळून देतो!" तेही ऐकू आलं. गाडी लहानशी, शेवाळी रंगाची, बारा वर्षांची, आणि डिझेलची. खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या, पायाखालचा पत्रा गुणगुणत होता, समोर इंजिनाचा खडखडाट चालला होता आणि त्या सगळ्या गदारोळात तीन माणसं गप्पा मारत होती, त्यातला एक ठकीचा बाप होता. त्याला विचारण्यासारखं काही नव्हतं, तरी त्यानं उगाच विचारलं, टायर कधी बदलले? "मागच्या वर्षी! पुढचे दोन!" मग विचारलं, चढावर दम लागतो का? मग सीटची कव्हरं, मग डिकीचं कुलूप. लहान मुलाला नवी शिट्टी मिळावी तसं त्याचं झालं होतं, पोटभर प्रश्न विचारून घेतले त्यानं. फोटोग्राफरनं पाण्याच्या टाकीपाशी गाडी वळवली तेव्हा त्याला वाटलं, अजून थोडं पुढं न्यावी, निदान त्या पुलापर्यंत. पण ती घरापाशी आली, किल्ली फिरली, इंजिन एकदा अंग झटकून गप्प झालं, आणि ठकी उतरताना त्याच्याकडं बघून काहीतरी म्हणाली ते नुसते ओठच हलले. ती हसत होती म्हणून तोही हसला आणि नेहमीसारखी मान डोलावली. आपण कशाला हो म्हटलंय हे त्याला तेव्हा कळलं नाही. घरी गेल्यावर कळलं. ठकी आईला सांगत होती, बाबांनासुद्धा आवाज फारच वाटला, मी विचारलं तर लगेच हो म्हणाले.

तसा हा माणूस आवाजाच्या धंद्यातलाच. मोठ्या इस्पितळाच्या तळमजल्यावर, क्ष-किरणांच्या खोलीला लागून एक आवाजबंद खोली होती. जाड दार, दुहेरी काच, आत एक खुर्ची. खुर्चीत माणूस बसवायचा, त्याच्या कानांवर हेडफोन चढवायचा, हातात बटण द्यायचं. बाहेर काचेमागं यंत्रापाशी बसून बारीक बारीक आवाज सोडायचे. ऐकू आला की माणसानं बटण दाबायचं. उजव्या कानाचे लाल गोल, डाव्या कानाच्या निळ्या फुल्या, असा कागदावर आलेख काढायचा आणि तो वरच्या मजल्यावर कानाच्या डॉक्टरांकडं पाठवायचा. एकोणतीस वर्षं हेच. इस्पितळात सगळे त्याला कानमास्तर म्हणत. कोण माणूस खरं ऐकून बटण दाबतोय आणि कोण अंदाजानं, हे त्याला काचेतून बघूनच कळे. काही लबाड त्याच्या खांद्याकडं बघत, खांदा हलला की बटण दाबत. मग तो खांदा हलवायचा आणि आवाजच सोडायचा नाही. पकडलं गेलं की माणसं ओशाळी होत, आणि तो त्यांना अगदी हळू, मायेनं सांगायचा, "यात लाजण्यासारखं काही नाही. चष्मा लावतो की नाही आपण? तसंच हे." दिवसातून पंधरा-वीस वेळा सांगायचा. किती हळू बोलतात हो कानमास्तर, म्हणून सगळ्या नर्सेसना त्याचं कौतुक होतं. नव्या आलेल्या पोरींना ते उदाहरण म्हणून सांगितलं जाई, की रुग्णाशी बोलावं तर असं. त्याला मात्र माहीत होतं की ते हळू बोलणं म्हणजे सुस्वभाव नव्हे, लक्षण आहे. कानातलं हाड घट्ट झालं की बाहेरचा आवाज आत यायला अडतो आणि स्वतःचा आवाज मात्र कवटीतून दणदणीत ऐकू येतो. मग माणूस आपोआप आवाज खाली आणतो. अशीच माणसं येऊन सांगत, मास्तर, गंमत बघा, शांत खोलीत मला काही कळत नाही आणि गोंगाटात छान ऐकू येतं. त्यात गंमत काही नव्हती. गोंगाटात बाकीचे लोक ओरडून बोलतात आणि ओरडणं त्या कानांना पोचतं, एवढंच. हे तो इतक्या जणांना समजावून सांगत आला होता, आणि त्या रविवारी गाडीतून उतरून फाटकापाशी उभं राहिल्यावर ते त्यानं स्वतःला समजावून सांगितलं.

आई तशीच गेली होती, म्हणजे बहिरी. तो नऊ-दहा वर्षांचा असल्यापासून तिचं सुरू झालं. दिवसभर ती "काय?" "काय?" म्हणत असायची, म्हणून शेजारच्या पोरांनी तिचं नाव पाडलं होतं काय-काय. ते नाव त्यानंच पाडलं होतं की शेजारच्या पोरांनी, हे आता त्याला आठवत नव्हतं, आणि आठवत नव्हतं याचाच त्याला संशय येई. एक खेळ मात्र नक्की त्याचाच. तो आणि धाकटी बहीण आईसमोर उभे राहायचे आणि नुसते ओठ हलवायचे. आवाज काढायचाच नाही. आई हातातलं काम टाकून जवळ यायची, कपाळाला आठ्या घालून त्यांच्या तोंडाकडं बघायची, काय? परत सांग. काय? ते परत ओठ हलवायचे. तिला वाटायचं, आज पारच गेलं वाटतं. तिच्या चेहऱ्यावर जी भीती यायची ती बघून त्यांना हसू आवरायचं नाही. मग त्यांचं हसणं तिला दिसायचं, आणि तीही हसायची. ती हसायची हे सगळ्यात वाईट होतं. पुढं त्याला या कामाचं शिक्षण घ्यावंसं वाटलं तेव्हा लोक म्हणाले, आईसाठी शिकला हो पोरगा, आणि त्यानं ते लोकांना म्हणू दिलं. स्वतःला ऐकू येईनासं झाल्यावर त्यानं एकच नियम केला होता: "काय?" हा शब्द तोंडातून काढायचा नाही. मान डोलावायची, हसायचं, "अच्छा" म्हणायचं, खोकला काढायचा, चष्मा पुसायचा. सहा वर्षांत एकदाही त्यानं कुणाला काय म्हणून विचारलं नव्हतं. घरात निभावून जात होतं, कारण बायको शाळेत मुलांची कवायत घ्यायची आणि तिचा आवाज मुळातच मैदानभर जाणारा होता. ती भाजी चिरताना बोलली तरी शेजारचे दचकत. लग्नात सगळ्यांनी त्याला चिडवलं होतं, कानाचं शिकतोस, त्या कानाला हा आवाज सोसायचा कसा. आता तोच आवाज त्याला पुरत होता, आणि बायकोला वाटत होतं की इतक्या वर्षांनी आपलं बोलणं हा नीट लक्ष देऊन ऐकायला लागलाय.

गाडी हवी होती ती ठकीला. ठकी हे काही तिचं खरं नाव नव्हे. जन्मल्यावर चिंध्यांच्या बाहुलीएवढी होती म्हणून तिला ठकी म्हणायला लागले आणि आता तिची तिशी उलटली तरी ते सुटलं नव्हतं. ती शहराबाहेरच्या जलशुद्धीकरण केंद्रात पाणी तपासायची. बाप कान तपासतो, लेक पाणी तपासते, आई मुलांच्या रांगा तपासते, आमच्या घरात सगळे तपासनीस, कुणाची काही बिशाद नाही खोटं बोलायची, असं ती पाहुण्यांना सांगायची. तिची पाळी पहाटे सहाला सुरू व्हायची. केंद्राची बस बंद झाली होती. कालव्याच्या कडेनं अठरा किलोमीटर रस्ता, मध्ये घर नाही, दुकान नाही, फोनला रेंज नाही. म्हणून गाडी. तिच्या ऑफिसातल्या एकीची पेट्रोलची गाडी विकाऊ होती, ती ठकीच्या मनात भरली होती. "बाबा, आवाजच नाही हो तिला. चालू आहे की बंद तेच कळत नाही." त्याला तर खरोखरच कळलं नव्हतं. त्या गाडीत त्याला बसवून ठकीनं फेरी मारली होती. ती आणि तिची मैत्रीण पुढं बसून कुजबुजल्यासारख्या बोलत होत्या, मधूनच मागं वळून त्याला काहीतरी विचारत होत्या, आणि तो त्या गुळगुळीत शांततेत बसून माना डोलावत होता. उतरताना त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. त्यामुळं डिझेलच्या फेरीनंतर जेवताना जेव्हा विषय निघाला तेव्हा त्यानं पाणी प्यायलं, घसा साफ केला आणि म्हणाला, "मला विचारशील तर डिझेलच घे." ठकी घास तसाच ठेवून बघायला लागली. मघाशी तर तुम्हीच हो म्हणालात, आवाज फार आहे म्हणून! तो म्हणाला, आवाज आहे, पण दमदार आहे. दणकट यंत्राला आवाज असायचाच. ॲव्हरेज बघ. पत्रा बघ, केवढा जाड. आणि मोकळ्या रस्त्यावर आवाजाची गाडी बरी, जनावरं बाजूला होतात. हे शेवटचं त्याला आयत्या वेळी सुचलं होतं आणि सुचल्याबद्दल त्याला स्वतःचं कौतुकही वाटलं. बायको तिच्या मैदानी आवाजात म्हणाली, "अगं, यांच्या कानाला जो आवाज चालतो तो आपल्याला न चालायला काय झालं? एवढं शहर यांच्या कानावर चालतंय!" ठकी विरघळली. म्हणाली, बरं, पुढच्या रविवारी आपल्या गॅरेजच्या मिस्त्रींना दाखवू, ते आणि तुम्ही मिळून ठरवा, तुम्ही हो म्हणालात की माझं हो. तो ताटाकडं बघत बसला. पोरगी पहाटेच्या अंधारात कुठल्या गाडीतून जाणार हे आपण ठरवतोय, आणि ते आपल्याला चार शब्द ऐकू यावेत म्हणून ठरवतोय, हे त्याला इतकं स्पष्ट दिसलं की त्याची भूकच गेली.  तरीही त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तो मनातल्या मनात सहली आखत होता. सुट्टीच्या दिवशी सगळे मिळून निघायचं, ठकी गाडी चालवणार, बायको मागं, तो पुढं, आणि सगळे ओरडून ओरडून बोलणार.

तो सोमवारी कामावर गेला तेव्हा पाकिटातला कागद त्याला मांडीपाशी टोचत होता. घडी घालून घालून पत्त्याएवढा झालेला आलेख. सहा वर्षांपूर्वी जेवणाच्या सुट्टीत, बाहेर कुणी नाही असं बघून, त्यानं यंत्राच्या वायरी आत ओढून घेऊन स्वतःचीच तपासणी केली होती. एका हातानं आवाज सोडायचा, दुसऱ्या हातानं बटण दाबायचं. स्वतःच्या खांद्याकडं बघून लबाडी करता येते का, हेही त्यानं करून पाहिलं होतं. हेडफोनवर दोन्ही कान निम्म्यावर आले होते. मग कानामागच्या हाडावर लावायचा ठोकळा लावला, आणि हाडातून सगळं लख्ख ऐकू आलं, अगदी बारीकातलं बारीक. आतला कान ठणठणीत, वाट तेवढी बुजलेली. असा आलेख त्यानं शेकड्यांनी काढला होता, डोळे मिटून सांगितलं असतं. गोल आणि फुल्या नीट काढून झाल्यावर वर रुग्णाचं नाव लिहायची जागा होती. तिथं त्याचा हात थांबला, आणि मग त्यानं आईचं नाव लिहिलं. ती जाऊन तेव्हा तेरा वर्षं झाली होती. कुणाच्या हातात कागद पडला तर जुना म्हणून खपेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. तिच्या हयातीत तिला त्या खुर्चीत त्यानं एकदाही बसवलं नव्हतं. आज नेतो, उद्या नेतो करत राहिलं होतं. आपल्या इस्पितळातल्या लोकांसमोर ती काय? काय? करेल याची त्याला लाज वाटायची, हे खरं कारण.

यंत्राशेजारी एक वही असायची. रोज सकाळी पहिला रुग्ण यायच्या आत तपासणाऱ्यानं हेडफोन स्वतःच्या कानाला लावायचा, दोन्ही बाजूंनी अगदी बारीक आवाज सोडून बघायचा, सारखा येतोय ना, मध्ये खरखर नाही ना, आणि वहीत सही करायची. यंत्राची परीक्षा माणसाच्या कानानं. सहा वर्षं तो आवाज मोठा करून ऐकत होता आणि सही करत होता. मागच्या हिवाळ्यात उजव्या हेडफोनची वायर आतून झिजली. बारीक आवाज त्यातून अर्धेच बाहेर यायचे. चांगल्या कानाच्या माणसाला ते पहिल्याच दिवशी कळलं असतं. त्याला कामाचे एकवीस दिवस कळलं नाही. शेवटी वरून डॉक्टर आलेख घेऊन खाली आले आणि हसत म्हणाले, "मास्तर, या महिन्यात अख्ख्या शहराचे उजवे कान बसले की काय?" वायर बदलली. त्या एकवीस दिवसांतल्या सगळ्यांना पत्रं घालून पुन्हा बोलावलं. डॉक्टरांनी त्याच्या पाठीवर थोपटलं, वायर काय सांगून तुटते का, म्हणाले.  वहीत एकवीस सह्या होत्या, सगळ्या एका वळणाच्या, शेवटच्या अक्षराला झोकदार शेपूट दिलेल्या. पुन्हा आलेल्यांत एक बाई होत्या. अग्निशमन दलाच्या टेलिफोनवर बसायच्या. आग लागली की पहिला फोन त्यांच्या कानात यायचा. वार्षिक तपासणीत त्यांचा उजवा कान गेलेला निघाला, म्हणून त्यांना टेलिफोनवरून उठवून गोदामात पाठवलं होतं. दुसऱ्या तपासणीत कान सोन्यासारखा निघाला, पण तोवर त्यांच्या खुर्चीवर दुसरी नेमली गेली होती. त्या हातात दोन्ही कागद घेऊन उभ्या होत्या, एक खोटा, एक खरा. त्याला म्हणाल्या, "तुम्ही परत बोलावलंत म्हणून तरी कळलं. मी तर रात्री उठून उठून घड्याळ कानाला लावून बघायची हो." आणि त्यांनी त्याला नमस्कार केला. तो म्हणाला, यात लाजण्यासारखं काही नाही. तोंडातून सवयीनं तेच निघालं. त्या जरा चमकल्या आणि निघून गेल्या. त्यानंतरही रोज सकाळी सही तशीच झोकदार यायची, हे त्याला जास्त लागायचं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. दोन वर्षं म्हणजे सुट्ट्या सोडून पाचशे सह्या, तेवढ्या निभावल्या की झालं, असा त्यानं हिशेब मांडून ठेवला होता.

रविवारी ते मिस्त्रींच्या शेडमध्ये गेले. फोटोग्राफरनं गाडी आधीच आणून लावली होती आणि तो स्वतः बाहेर सावलीत उभा होता. मिस्त्री वयस्क, आडव्या बांध्याचे, कामात असले की कुणाकडं न बघता बोलणारे. त्यांनी बॉनेट उघडलं, ठकीला आत बसवून इंजिन सुरू करायला लावलं, आणि पत्र्याच्या त्या शेडमध्ये असा दणदणाट झाला की फोटोग्राफरनं बाहेरून हसून कानावर हात ठेवले. मिस्त्रींनी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेला एक लांबलचक स्क्रू-ड्रायव्हर काढला, त्याचं टोक इंजिनाला टेकवलं आणि लाकडी मुठीला कान लावला. इथं टेकवलं, तिथं टेकवलं. मग तोंड वाकडं करून कानमास्तरच्या कानाशी येऊन ओरडले, "खाली कुठंतरी टकटक आल्यासारखी वाटते! पण हे इंजिन जरा बोलकंच असतं! माझेही कान आता काय राहिले नाहीत, तुम्ही कानवाले, तुम्ही ऐका!" आणि स्क्रू-ड्रायव्हर त्याच्या हातात दिला. नाही म्हणायला काही कारण नव्हतं. त्यानं टोक मिस्त्रींनी दाखवलेल्या जागी ठेवलं आणि मूठ, एकोणतीस वर्षांच्या सवयीनं, कानाला न लावता कानामागच्या हाडावर टेकवली. दाबून, बरोबर त्या उंचवट्यावर, जिथं तो रुग्णांना ठोकळा लावायचा.

आणि इंजिन त्याच्या डोक्यात आलं. कसलाही पडदा नाही, कापूस नाही. चारी ठोके वेगवेगळे, त्यांच्यामधली झडपांची बारीक चुटचुट, पट्ट्याची सळसळ, त्याच्याही वर केसासारखी एक शिट्टी. इतकं बारीक काही त्यानं सहा वर्षांत ऐकलं नव्हतं. बाहेरचा गोंगाट त्याला आधीच कमी, त्यामुळं ही सगळी मैफल त्याच्या एकट्यासाठी चालल्यासारखी होती. त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. खिडकीतून डोकावून ठकीनं ते पाहिलं आणि तीही हसली. मग त्याला तिसऱ्या ठोक्याखाली ते ऐकू आलं. एक पोकळ, जरा उशिरा पडणारा ठोका. लोखंड लोखंडावर आपटत होतं. त्यानं टोक दोन बोटं सरकवलं, ठोका मोठा झाला. परत सरकवलं, कमी झाला. एकोणतीस वर्षं आवाजाची जागा शोधण्यात गेलेल्या माणसाला शंका घ्यायला वाव नव्हता. हे बोलकं इंजिन नव्हतं, आतून झिजलेलं इंजिन होतं, आणि कालव्याच्या रस्त्यावर कधीतरी, नवव्या किंवा बाराव्या किलोमीटरला, ते जागच्या जागी आवळून बसणार होतं. मिस्त्रींना ते धड ऐकू आलं नव्हतं. या शेडमध्ये ते नीट ऐकू येणारा तो एकटाच होता. मिस्त्रींनी भुवया उंचावून विचारलं, काय, ठणठणीत ना? आणि त्यानं मान डोलावली.

डोलावली तशी ती सवयीनंच, पण यावेळी प्रश्न त्याला नीट कळला होता. ठकीनं खिडकीतून अंगठा वर करून दाखवला. मिस्त्री हात पुसायला लागले. फोटोग्राफर कागदांची पिशवी घेऊन सावलीतून निघाला. सगळं किती सहज चाललं होतं. एकवीस दिवसांचंही असंच सहज झालं होतं, रोज सकाळी एक सही, झोकदार. ठकीनं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते आणि ती जागेवर बसूनच गाडी चालवत असल्यासारखी समोर बघत होती, लहानपणी पलंगाच्या काठावर बसून थाळीचं चाक करून चालवायची तशी. आतासुद्धा तिचा चेहरा तसाच होता, भरवसा टाकून मोकळा झालेला. त्याला शरम वाटली. या आधी वाटत होती ती पकडले जाऊ म्हणून वाटायची, आत्ताची तशी नव्हती. कुणी त्याला पकडणार नव्हतं. तो तिच्या खिडकीपाशी गेला, वाकला आणि म्हणाला, "ठकी, ही गाडी नको घेऊस. इंजिन आतून गेलंय. मी खोटं बोललो." त्याच्या स्वतःच्या कवटीत ते वाक्य घणासारखं वाजलं. ठकीनं कपाळाला आठ्या घातल्या. ती पुढं झुकली, त्याच्या तोंडाकडं बघायला लागली. त्यानं परत सांगितलं. ती आणखी झुकली आणि गळा फाडून ओरडली, "बाबा, काय? नुसते ओठ हलतायत तुमचे! काय?"

तो तसाच वाकलेला राहिला. तिच्या कपाळावरच्या त्या आठ्या त्याच्या ओळखीच्या होत्या. किती वर्षांनी दिसत होत्या. मग त्यानं छाती भरून श्वास घेतला आणि ओरडला. आयुष्यात इतक्या मोठ्यानं तो कधी ओरडला नव्हता, आपल्या गळ्यात एवढा आवाज आहे हेच त्याला माहीत नव्हतं. "इंजिन खराब आहे! मला ऐकू आलं होतं! मी मुद्दाम सांगितलं नाही!" फोटोग्राफर पिशवीसकट जागच्या जागी थांबला. मिस्त्रींनी घाईघाईनं आत हात घालून किल्ली फिरवली. इंजिन थरथरून बंद पडलं आणि शेडमध्ये शांतता झाली, म्हणजे इतरांसाठी शांतता. त्याच्यासाठी भिंत आली. ठकी त्याच्याकडं बघत काहीतरी बोलली. ओठ हलले. त्यानं हसायचं होतं, मान डोलावायची होती, चष्मा पुसायचा होता. हात चष्म्याकडं गेलाही. तो त्यानं खाली घेतला.

"काय?" तो म्हणाला. "काय म्हणालीस? मला ऐकू येत नाही."

 ठकी दार उघडून उतरली, त्याच्या अगदी जवळ आली, आणि घरातले सगळे आजीशी ज्या आवाजात बोलायचे त्या आवाजात, रस्त्यावरच्या माणसांनीसुद्धा वळून बघावं इतक्या मोठ्यानं तिनं विचारलं, "कधीपासून, बाबा?" त्याचे कान तापले, मान तापली. मिस्त्री स्क्रू-ड्रायव्हर परत खिळ्याला लावण्यात गुंतल्याचं दाखवत होते. त्यानं पाकीट काढलं. घडीचा कागद बोटांना सापडेना, मग सापडला. दुसऱ्या दिवशी सोमवार होता, यंत्रापाशी वही उघडी असणार होती आणि त्या वहीत आता सही करता येणार नव्हती, हे त्याला कागद तिच्या हातात देता देताच कळलं. घड्यांवर कागद फाटायला आला होता. ठकीनं तो जपून उलगडला, लाल गोल पाहिले, निळ्या फुल्या पाहिल्या, आणि वरचं नाव वाचून गोंधळून त्याच्याकडं पाहिलं.

"हे तर आजीचं आहे," ती ओरडून म्हणाली.

"नाही," तो म्हणाला, आणि तिला ऐकू गेलं नसेल म्हणून परत मोठ्यानं म्हणाला, "माझं आहे."